शास्त्रीय गाणं मैदानात नकोच!

डग्गेवाला (धागाकर्ता):
तबल्याच्या साथीला गावोगाव फिरतो, म्हणून सांगतो. मैदानातला महोत्सव ही वाजवायला सगळ्यात वाईट जागा. डिसेंबरात रात्री दव पडलं की पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैलावते, सूर उतरतो आणि ख्याल रंगात आलेला असताना आम्ही सूर जुळवायला हातोडी घेऊन लाकडी गट्टे ठोकतोय. तंबोऱ्यांचं तेच. मॉनिटरमधून माझाच तबला माझ्या कानावर आदळतो, गवयाची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अंदाजाने पकडायची. याउलट मुंबईचं टाटा थिएटर. १९८० सालचं, आराखडा फिलिप जॉन्सनचा, ध्वनीची बाजू सिरिल हॅरिसची. माइक नसतानाही ऐकू जावं याच हिशेबाने बांधलेलं. हजारेक खुर्च्या. गाणं तिथे करा.

सतरंजीवाली:
हजारेक खुर्च्या, इथेच सगळं आलं! भीमसेनजींनी १९५३ मध्ये पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो आज मांडवात हजारोंनी ऐकला जातो. भारतीय बैठकीचं तिकीट, सोबत शाल आणि डबा, शेजारी अनोळखी आजोबा हातावर ताल धरून बसलेले. किशोरीताईंना मी पहिल्यांदा मैदानातच ऐकलं, कारण तेवढंच परवडत होतं. तुमची पुडी सैल पडते म्हणून आम्ही घरी बसायचं का?

काळी_दोन:
पुडीचं सोडा, रागांचं बोला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला ती अडचण नाही. दरबारी, मालकंस हे रात्री उशिराचे राग संध्याकाळी उरकायचे आणि वर त्याला परंपरा म्हणायचं!

सतरंजीवाली:
@काळी_दोन अर्धाच नियम सांगताय. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. शिवाय सभागृहवाले तरी कुठे रात्रभर दार उघडं ठेवतात? साडेदहाला वॉचमन किल्ल्या खुळखुळवत विंगेत उभा.

डग्गेवाला:
वॉचमनचं मात्र शंभर टक्के खरं.

कोल्हापुरी_ठेका:
पुण्या-मुंबईचं भांडण चालू द्या. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधलं, तेच आमचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, जळालं. तालुक्याच्या गावात तर 'सभागृह' म्हणजे मंगल कार्यालय. वर पत्रा, आवाज चारी भिंतींवर आपटून परत येतो, द्रुत तानेचा नुसता गोळा होतो. त्यापेक्षा शाळेचं पटांगण कितीतरी बरं. तिथे आवाज विरतो, पण निदान दोनदा ऐकू येत नाही.

डग्गेवाला:
पत्र्याखाली मीही वाजवलंय, हौसेने नाही. पण म्हणून पटांगण चांगलं ठरत नाही. पडदे लावा, सतरंज्या अंथरा, स्पीकर निम्मे करा, त्याच कार्यालयात बरंच सुधारतं. दवावर काय उपाय आहे?

सतरंजीवाली:
दुपारचं सत्र. भीमपलास, मुलतानी ऐकवा की जरा.