मुलगी डिपेंडंट चालते, मग तिचं बाळ का नाही?

लोटेकर
मंडळी, लोटे एमआयडीसीत नोकरी करतो. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम आहे, मी, बायको आणि पंचविशीच्या आतली दोन मुलं, पाच लाखांचं फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम. थोरली 23 ची, लग्न झालेलं, पण गरोदर असताना पाचव्या महिन्यात नवऱ्याने आमच्याकडे आणून सोडली ती सोडलीच, आता फोनही उचलत नाही, केस कोर्टात आहे. रिन्युअलला एचआरने तिचं नाव परत डिपेंडंट म्हणून घातलं, माझ्या पगारातून पैसे कापले. चौतिसाव्या आठवड्यात सिझर झालं, बाळ 1 किलो 800 ग्रॅम, श्वास नीट लागेना म्हणून लगेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत. टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं, उत्तर दोन ओळींचं. मॅटर्निटी फक्त कर्मचारी आणि त्याच्या बायकोला, आणि नातवंड फॅमिलीच्या व्याख्येत बसत नाही. सिझरचं मी सोडून देतो, ते पॉलिसीत लिहिलेलंच होतं. पण जी मुलगी माझ्यावर अवलंबून आहे असं तुम्हीच मान्य करून पैसे घेता, तिचं तान्हं पोर मग कुणावर अवलंबून असणार? निदान पहिले 90 दिवस तरी आईच्या नावावर कव्हर द्यायला काय हरकत आहे? बोला.

पॉलिसीवाला चिपळूण
दादा, आधी बाळ कसं आहे ते सांगा. आता खरं बोलतो, राग मानू नका, मी हाच धंदा करतो. न्यूबॉर्न कव्हर हे बहुतेक ठिकाणी मॅटर्निटीला टांगलेलं असतं. मॅटर्निटी पास तर बाळ पहिल्या दिवसापासून, नाहीतर साध्या पॉलिसीत साधारण 91 व्या दिवसानंतरच नाव घालता येतं. तुमच्या मुलीची मॅटर्निटीच नाही म्हटल्यावर बाळ येणार कुठून? आणि ग्रुपचे क्लेम वाढले की पुढच्या वर्षी सगळ्यांचाच प्रीमियम चढतो, त्यात लग्न न झालेला हेल्परपण आला. तुमच्या नातवाचे पैसे त्याने का भरायचे? अजून एक, घटस्फोट झालेला नाही म्हणजे कागदावर ती विवाहितच, उद्या कंपनी म्हणेल हिचंच नाव चुकून घातलंय.

वेंगुर्ल्याची बाय
चेडवाचा पोर म्हणजे काय परक्याचा? आमच्या घरात वाढता, आमच्या ताटात जेवता, नि इन्शुरन्सवाले सांगतत व्याख्येत बसणा नाय! पयला बाळंतपण माहेराक हीच आमची रीत. मग त्या पोराचा दुखणाखुपणा निस्तरता कोण, आजोच ना?

पॉलिसीवाला चिपळूण
बाय, रीत माहेरची असली तरी करार रीतीवर चालत नाही. माहेरी बाळंतपण होतं म्हणून बाळाचा बाप सुटतो का?

कोर्टाची पायरी
इथे मी पॉलिसीवाल्यांच्या बाजूचा आहे. पोराला पोसायची जबाबदारी बापाची. पूर्वी सीआरपीसीचं (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) 125 होतं, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसचं (त्याच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 144, त्यात बायको आणि मूल दोघांसाठी पोटगी मागता येते, अंतरिमसुद्धा. आजोबांच्या कंपनीवर हा भार टाकला की पळालेल्या बापाला आपणच मोकळा सोडतो. असे जावई बरेच बघितलेत, सासरे खर्च करतायत म्हटल्यावर तारखेलाही येत नाहीत.

लोटेकर
वकीलसाहेब (वकीलच दिसताय), पोटगीचा अर्ज टाकलाय. पण हॉस्पिटलने डिपॉझिट त्याच संध्याकाळी मागितलं हो, तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. बाळ काचेच्या पेटीत, नाकात नळी, कावीळ म्हणून वर निळी लाइट, डोळ्यांवर पट्टी, आणि खाली बिलिंगला मी नातेवाइकांना गुगल पे मागतोय. कलम घेऊन काय करू त्या वेळी?

रिटायर्ड केंद्र सरकार
होत नाही असं कोण म्हणतं? सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत, घटस्फोटित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली मुलगी बापावर अवलंबून असेल तर वयाची अट नाही, आणि अशा विधवा किंवा विभक्त मुलीची अज्ञान मुलं आजोबांकडे राहत असतील तर त्यांचाही विचार नियमात केलेला आहे. सरकारी बाबूला जे सुचतं ते प्रायव्हेट कंपनीच्या पॉलिसीत एका ओळीत लिहिता येतं. कंपनीने मागितलं तर विमावाले लिहून देतात, पैसे मोजले की झालं.

पॉलिसीवाला चिपळूण
काका, सीजीएचएसमागे सरकारची तिजोरी आहे. त्याच सरकारच्या ईएसआयच्या (कामगार विमा) कायद्यात फॅमिलीची व्याख्या काढून बघा, नवरा-बायको, मुलं, आईवडील असे सगळे आहेत, नातवंड नाही. इन्कम टॅक्समध्ये मेडिक्लेमच्या हप्त्यावर सूट मिळते त्यातही स्वतः, जोडीदार, मुलं, आईवडील, बस. म्हणजे नातवाची वेगळी पॉलिसी काढलीत तरी तुम्हाला सूट नाही. कायद्याचीच नजर तिथे थांबते, एकट्या विमा कंपनीला कशाला धरता?

वेंगुर्ल्याची बाय
मग कायद्याक चष्मो लावा. टाकलेल्या चेडवा काय आज पैदा झाली?

ओरोस स्टाफ
मी नर्सिंगमध्ये आहे म्हणून वेगळं सांगते. हे सगळं भांडण खासगी बिलाचं आहे. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात डिलिव्हरी, सिझर, औषधं, रक्त, गाडी सगळं फुकट, 2011 पासून आहे हे, आणि आजारी बाळाला सुरुवातीला 30 दिवस होतं ते पुढे वर्षापर्यंत वाढवलं. बाप कोण, पॉलिसी कुणाची, कुणी विचारत नाही. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचं एसएनसीयू असतं. लोक एनआयसीयू म्हटलं की डोळे झाकून खासगीत का धावतात ते मला कळत नाही.

लोटेकर
ताई, तुमचं काम मोठं आहे, पण रात्री दोनला बाळ निळं पडलं की माणूस जवळचा दरवाजा ठोठावतो. चाळीस-पन्नास किलोमीटर कोण बघतो.

खाडीकाठ
आणि कोकणात जरा सिरियस झालं की रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूर नाहीतर सिंधुदुर्गातून गोव्याचं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, हे ठरलेलंच. गोव्याने 2018 ला बाहेरच्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना. त्यामुळे सरकारीत फुकट हे बरोबर असलं तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. मला 90 दिवसांची मागणी पटते, पण कर्मचाऱ्याने जास्तीचा प्रीमियम भरून घ्यायची सोय असावी, सगळ्यांच्या माथी नको.

पॉलिसीवाला चिपळूण
हां, स्वखुशीने टॉप-अप भरून असेल तर मी विरोध करणार नाही. पण मग अडचणीत असलेलेच तेवढे घेतील आणि तो टॉप-अप महाग होईल, हेही ऐकून ठेवा. युनियनने रिन्युअलच्या आधी मागावं, पॉलिसी चालू असताना मध्येच कुणी बदलत नाही. आणि लोटेकरदादा, राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना बघितली का? पाच लाखांपर्यंत आहे, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही चालते. हॉस्पिटल यादीत आहे का आणि मुलीचं नाव कुठल्या कार्डावर आहे?

लोटेकर
बाळ आता 2 किलो 100 झालंय, घरी आलं. कार्ड विचारताय तर नाव सासरच्या कार्डावर आहे. लग्न झाल्यावर आम्हीच हौसेने आमच्यातून कमी करून दाखला दिला होता. आता तिकडून नाव कमी केल्याचा दाखला हवा तर सासू म्हणते मुलाला विचारते, आणि मुलगा फोन उचलत नाही.

कोर्टाची पायरी
दाखल्यासाठी त्यांच्या पाया पडत बसू नका. मुलीच्या सहीने तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, कोर्टातल्या केसची प्रत जोडा, पोच घ्या. क्लॉजबद्दलचं माझं मत तेच आहे, पण हे उद्याच करा.