सीएचपीतलं कंत्राटी काम सोडून सोलरकडे जावं का? (चंद्रपूर)

घुग्गुसचा_पोट्टा
नमस्कार मंडळी, प्रश्न लहान भावाचा आहे, तो टाइप करायचा कंटाळा करतो म्हणून मी लिहितोय. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय २६, जिल्ह्यातल्या एका वीज केंद्रात सीएचपीमध्ये (कोळसा हाताळणी विभाग) ठेकेदाराकडे पाच वर्षं झाली. इलेक्ट्रिशियन नावालाच, पावसाळ्यात ओला कोळसा शूटमध्ये, म्हणजे घसरणीत, अडकला की हातात सब्बल. घरी आला की आई अंगणातच अडवते, आधी नाक शिंकर म्हणते, रुमाल काळा निघतो. दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो, माणसं तीच, गेटपास नवा. आता त्याच्या बॅचमधला एक जण यवतमाळकडे सोलर प्लांटवर लागला आणि म्हणतोय सोडून ये. इकडे बाबा म्हणतात कोळसा कुठे चालला, आमची जिंदगी गेली यातच. बातम्यांत तर रोज सौर सौर. मग घुग्गुस-बल्लारपूर पट्ट्यातल्या पोरांनी नेमकं करावं काय?

रिटायर्ड_ऑपरेटर
बाबांचं चूक नाही, हिशोब करून बघ. कोळशावरचा २१० मेगावॅटचा संच ७० टक्के लोडवर दिवसभर चालला तर ३५ लाख युनिट देतो. सोलरचा १ मेगावॅट दिवसाला ४ हजारांच्या आसपास, तेही ऊन असलं तर. म्हणजे एका जुन्या संचाच्या बदल्यात जवळपास ९०० मेगावॅट पॅनल आले, मेगावॅटला ४-५ एकर धरली तर चार हजार एकर जमीन. आणि संध्याकाळी सातला घरोघरी लाइट पंखे टीव्ही मिक्सर एकदम लागतात तेव्हा त्यातून येणार काय, तर भोपळा. त्याला बॅटरी पाहिजे, नाहीतर घाटघरसारखं पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं, पण ते घाटघर आहे २५० मेगावॅटचं.

पण कोळसा राहील म्हणून तुझा भाऊ राहील असं नाही ना. चंद्रपूरचे १९८३-८४ सालचे २१० चे पहिले दोन संच कायमचे बंद झाले, त्याच आवारात ५००-५०० चे ८ आणि ९ नंबर आले म्हणून ते निभावलं. पुढच्या वेळी बाजूला नवा संच असेलच कशावरून? परमनंट माणसाची बदली होते, कोराडी, खापरखेडा, पारस, कुठेही टाकतात. कंत्राटी माणसाला कोणी काढत नाही, त्याचा फक्त गेटपास रिन्यू होत नाही. त्यामुळे कोळसा बंद झाल्यावर किती जण बेकार झाले याच्या यादीत त्याचं नाव कधी येणारच नाही.

वायरमन_दादा
मी सहा वर्षं सोलरमध्ये आहे म्हणून स्पष्ट सांगतो, भावाला मित्राच्या फोनवर जाऊ देऊ नको. आधी विचार की प्लांट चालू आहे की उभा राहतोय. उभा राहतोय तोवर खांब रोवायला, पॅनल चढवायला, केबल ओढायला साठ-सत्तर माणसं लागतात, रोज ओव्हरटाइम, चार-पाच महिने मजा. चालू झाला की आमच्या ३ मेगावॅटच्या साइटवर राहिलो किती? दोन वॉचमन, मी, आणि गवत कापायला-पॅनल धुवायला गावातल्या बाया रोजावर. धुणं पण उजाडायच्या आत उरकावं लागतं कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं की काच तडकायची भीती. सीएचपीत एका शिफ्टला जेवढे लोक असतात तेवढे इथे अख्ख्या तालुक्यात नसतील.

मग पैसा कुठे, तर छतावर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, त्यामुळे आता लहान शहरातले लोक पण लावतायत, आणि नीट काम करणारा माणूस मिळत नाही. निम्म्या तक्रारी कनेक्टरच्या असतात, एमसी-फोर (पॅनलच्या वायरी जोडायचा कनेक्टर) पक्कडीने चेपलेला असतो, तो नीट चेपायचं क्रिंपिंग टूल ५ घरं झाली की वसूल होतं तरी घेत नाहीत. भावाकडे आयटीआय आहेच, वायरमनचा परवाना काढ म्हणा आणि सूर्यमित्रचा, म्हणजे सोलर बसवायच्या सरकारी प्रशिक्षणाचा, ६०० तासांचा कोर्स कुठे चालू होतो ते बघ. चंद्रपूरच्या उन्हाची तर जाहिरात करायला नको 😄

वरोऱ्याचा_कास्तकार
नोकरीचं तुम्ही बोला, मी माझं सांगतो. आमच्या गावाशेजारून कोळशाची गाडी जाते, वीज तयार होते जिल्ह्यात आणि चण्याला पाणी द्यायला आम्हाला लाइट रात्री अकराला. बायको म्हणायची वाघ नाही तर डुक्कर, एकटे जाऊ नका, म्हणून दोघं जायचो, टॉर्च आणि काठी. आता शेतीच्या लाइनचा फिडर सोलरवर गेला, दिवसा लाइट येते, ढगाळ असलं की बोंबलते ते वेगळं. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सोलर प्लांटला जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी सव्वा लाख वर्षाला, पडीक बरड असेल तर काय वाईट आहे, पण काळी कसदार जमीन देऊ नका बाप्पा. आणि मजुराचं काय? शेत भाड्याने गेलं की शेतमालकाला भाडं, निंदणाऱ्या बाईला काय.

कॉटबुसकर
मूळ नागपूरचा, सध्या जर्मनीत लाउझित्स भागात, हा पण कोळशाचाच पट्टा. इथे २०२० मध्ये कायदा केला, कोळसा २०३८ पर्यंत बंद, आणि कोळशाच्या जिल्ह्यांना ४० अब्ज युरोपर्यंत मदत. रेल्वेने कॉटबुसला गाड्या दुरुस्तीचा मोठा कारखाना काढला, १२०० नोकऱ्यांचा, त्यात खाणी-वीज केंद्रातले फिटर इलेक्ट्रिशियन जातायत. ५८ च्या पुढच्या कामगाराला पेन्शनपर्यंत पाच वर्षं भत्ता. एवढं करूनही लोक चिडलेले, कारण १९९० नंतर खाणी धडाधड बंद झाल्या तेव्हा काहीच नव्हतं, पोरं गाव सोडून गेली ती आलीच नाहीत. आपल्याकडे तारीख पण नाही आणि कायदा पण नाही.

रिटायर्ड_ऑपरेटर
@कॉटबुसकर तारीख जाहीर केली तर उद्यापासून पोरगी कोणी देणार नाही घुग्गुसात 😀 पण रेल्वेच्या कारखान्याची कल्पना झकास आहे. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि पाव किलो राख पडते, ती राख इथेच राहते. तेवढ्याच्या बदल्यात एखादा कारखाना इथे आला तर काय बिघडलं?

घुग्गुसचा_पोट्टा
सगळ्यांचे आभार. @वायरमन_दादा मित्राला फोन केला, प्लांट अजून उभाच राहतोय, मार्चमध्ये संपणार म्हणाला, म्हणजे तुम्ही म्हणता तेच. भाऊ सध्या नोकरी सोडत नाही, सेकंड शिफ्ट मागून घेतो आणि सकाळी परवान्याच्या मागे लागतो. बाबांना छतावर सोलर लावू म्हटलं तर म्हणे आयुष्यभर वीज तयार केली, आता विकत पण नाही घ्यायची का. भाऊ बाजूला बसलाय, त्याला एकच विचारायचंय, क्रिंपिंग टूल कोणत्या कंपनीचं घ्यायचं?