मुंबई कौन्सिलातले आपले सभासद नुसते होयबा होते?

जुनी पेठ
काल इथे एकाने लिहिलं की, १९व्या शतकात मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसलेले आपले लोक म्हणजे गव्हर्नरच्या दरबाराची शोभा; नाना शंकरशेटांपासून रानड्यांपर्यंत सगळे होयबा. खाली सगळ्यांनी माना डोलावलेल्या पाहिल्या आणि राहवलं नाही.

१८६१ च्या कायद्याने गव्हर्नरला कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद घेता येत, त्यातले निदान निम्मे बिनसरकारी. प्रश्न विचारायचा नाही, अंदाजपत्रकावर ब्र काढायचा नाही. पुढ्यात आलेल्या बिलावर काय ते बोला. ते पास झालं तरी गव्हर्नरची आणि वर गव्हर्नर-जनरलची संमती हवीच. अशा जागी १८६२ साली नाना जाऊन बसले. हात बांधलेल्या माणसाला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि काम काय केलं विचारता? मुंबई महापालिका आजही १८८८ च्या कायद्यावर चालते. ते बिल आलं तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता कौन्सिलात होते. शहराचा कारभार कोणाच्या हाती, कॉर्पोरेशनच्या की सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या, यावर दोघांनी कलमाकलमाला झुंज दिली. होयबा असं करत नाहीत.

बांधावरून
तेलंग-मेहता मान्य. पण तुम्ही मंडलिकांना शिताफीने वगळलंत. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ पासून सभासद. स्वतः दापोलीकडच्या मुरुडचे, घर खोताचं, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या वतनदाराचं. १८८० चा खोती कायदा होताना कौन्सिलात खोतांची कड कोणी घेतली? कुळाच्या बाजूने बोलायला तिथे एक कूळ तरी होतं का?

माझी पणजी सांगायची ती अभावणी ऐका. भात उभं असतानाच खोताचा माणूस बांधावर यायचा आणि नजरेने पीक ठरवायचा. तो दहा मण म्हणाला की दहा मणाचं अर्धेल, म्हणजे निम्मं भात, खोताला घालायचं. मग झोडणीत सात भरोत नाहीतर सहा. वर वेठ वेगळी, आमची लावणी खोळंबली असली तरी आधी खोताच्या शेतात. या गोष्टी कौन्सिलात कोण मांडणार होतं?

हर्णैकर
पुन्हा खोत! विषय कोणताही असो, कोकणचं नाव निघालं की आमच्या आज्या-पणज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. आमचं घर खोताचं. पीक बुडालं तरी गावाचा सारा सरकारात खोतानेच भरायचा. कबुलायत, म्हणजे सारा भरण्याचा करार, त्याच्या नावाची, जप्ती त्याच्या दारात. माझ्या खापरपणजोबांनी एका वर्षी साऱ्यापायी घरातलं सोनं गहाण टाकलं, ते परत आलं नाही. मंडलिक हे बोलले असतील तर खरंच बोलले. खोताने फक्त लुटलं म्हणणाऱ्यांनी त्या वेळचा महसूल खात्याचा जाच आधी वाचावा.

बांधावरून
सोनं गहाण टाकायला होतं, हर्णैकर. आमच्याकडे ते नव्हतं. एवढाच फरक आहे आणि तोच सगळा फरक आहे.

हर्णैकर
हे बोलणं लागलं. तुमच्या पणजीबद्दल मी एक शब्द वावगा काढला नाही.

वाचनवेडी
दोघांनीही दम घ्या. हर्णैकर, खोतालाही सरकारचा जाच होता, हे खरं. पण म्हणून बांधावरून यांचा मुद्दा पडत नाही. खोतांविरुद्ध चरी गावच्या कुळांचा संप १९३३ ला सुरू झाला, नारायण नागू पाटलांच्या मागे अलिबागच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती नष्ट करण्याचं बिल आणलं. कायद्याने खोती गेली ती १९४९ नंतर. १८८० ते १९४९! सभागृहात कोण बसतं, यावर इतकी वर्षं अवलंबून होती.

आणि मूळ विषयाला धरून माझी एक तक्रार. कौन्सिलच्या कामकाजाचे खंड वाचायला मी एका जुन्या ग्रंथालयात गेले. कपाटात समोर दिसत होते. 'विद्यापीठाचं पत्र आणा' म्हणून हाकललं. मी निवृत्त शिक्षिका, पत्र कुठून आणू? ही भाषणं लोकांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून कोणीही उठून होयबा म्हणतो.

जुनी पेठ
ताई, खंडांबद्दल शंभर टक्के. पण खोतीवरून सगळ्या कौन्सिलाला झोडपू नका. १८९२ च्या कायद्यानंतर चित्र बदललं. स्थानिक बोर्डं, नगरपालिका, विद्यापीठ यांनी नाव सुचवायचं आणि सरकारने नेमायचं. निवडणूक हा शब्द सरकारने टाळला, पण व्हायची ती निवडणूकच. प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, मत मात्र नाही. याच वाटेने टिळक १८९५ मध्ये आले, १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच जुलैत राजद्रोहाखाली पकडले गेले. सरकारच्या होयबाला सरकार तुरुंगात टाकत नाही.

बांधावरून
टिळकांच्या धैर्याबद्दल कोणाला शंका आहे? पण खोतीच्या प्रश्नावर तेही 'केसरी'तून खोतांच्याच बाजूने लिहीत होते. सरकारपुढे ताठ उभा राहणारा माणूस कुळापुढेही न्यायाने वागेल असं नसतं. मला होयबा हा शब्द नकोच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते शूर होते, पण ते आमचे नव्हते.

जुनी पेठ
हे मूळ पोस्टवाल्याने लिहिलं असतं तर मी उत्तर दिलंच नसतं. मंडलिकांच्या बाबतीत माझं म्हणणं सोडून देतो. १८८८ च्या बाबतीत सोडणार नाही.

हर्णैकर
आणि मी खोतांच्या बाबतीत सोडणार नाही. त्या सोन्याची गहाणपावती अजून आमच्या घरात आहे, फोटो उद्या टाकतो. बांधावरून, तुमच्याकडे अर्धेलीचा काही कागद असेल तर तोही टाका.

बांधावरून
कागद खोताकडे असायचा.