घरगुती चित्रीकरण : मराठवाड्यातून आलेले अनुभव

लग्नाचे चित्रीकरण स्टुडिओवाल्याकडे असते आणि ते बऱ्यापैकी होतेही, परंतु घरातले उरलेले आयुष्य, म्हणजे कुरडया, जात्रा, बारसे, शेतातले जेवण, आजोबांच्या आठवणी, हे सारे घरच्याच कुणाच्या तरी फोनमध्ये साठत जाते आणि त्यातले फारच थोडे पुन्हा पाहावेसे वाटते. म्हणून व्यावसायिक नसलेल्या मंडळींना आम्ही लिहिण्याची विनंती केली होती. कोणता फोन घ्यावा हे कृपया लिहू नये, हातात आहे त्याच फोनवर काय केल्याने फरक पडला तेवढेच सांगावे, अशी अट होती. आलेले अनुभव आले त्या क्रमाने देत आहोत.

लातूर, निवृत्त शिक्षक

माझे मामा हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी शाळकरी वयाचे होते. रझाकारांच्या भीतीने रातोरात गाव सोडून सोलापूरकडे गेलेल्या कुटुंबांच्या गोष्टी ते दर 17 सप्टेंबरला झेंडावंदनाहून आल्यावर सांगत असत. त्या नीट नोंदवून ठेवायच्या असे ठरवले, तेव्हा चित्रापेक्षा आवाजाचीच तयारी जास्त करावी लागली, आणि माझा सगळा अनुभव त्याच एका गोष्टीभोवती आहे.

चेहरा थोडा अंधारात असला तरी माणूस पुढे पाहतो, परंतु शब्द कळेनासे झाले की दोन मिनिटांत उठून जातो. फोनचा माइक जवळच्या बोलण्यासाठी असतो. मोकळ्या जागेत माइकपासूनचे अंतर दुप्पट केले, तर तिथे पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश उरते, आणि पंख्याची घरघर मात्र जिथल्या तिथे राहते. यावर सोपा उपाय असा की चित्रीकरणाचा फोन चार-पाच फुटांवर ठेवावा आणि घरातला दुसरा फोन, त्यातले आवाज नोंदवण्याचे ॲप सुरू करून, बोलणाऱ्याच्या शेजारी ठेवावा. आम्ही तो मामांच्या मांडीजवळ, बाजेवरच्या उशीवर ठेवला. खिशात ठेवू नये, कारण कापडाची खसखस सगळीकडे येते. दोन्ही फोन सुरू झाल्यावर एकदा मोठ्याने टाळी वाजवावी, म्हणजे पुढे जुळवणी करताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक ठेवता येते. दोन्ही फोन विमान मोडवर टाकावेत, नाही तर ऐन रंगात आलेल्या आठवणीत कुणाचा तरी फोन वाजतो.

जागा निवडताना मी मोठी खोली सोडून वाड्याची ढाळज निवडली. मोकळ्या भिंती आणि फरशीची खोली आवाज घुमवते. ढाळजेत एक बाजू उघडी होती, खाली सतरंजी होती, आणि कोपऱ्यात रचलेल्या धान्याच्या पोत्यांनी घुमणे बरेच शोषून घेतले. पंखा बंद केला, आतल्या खोलीतला कूलरही बंद केला. घरच्यांनी त्याबद्दल कुरकुर केली, परंतु कूलर चालू ठेवून केलेल्या नोंदीतून तो आवाज नंतर पुसताना माणसाचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

दुसरे असे की आपण स्वतः गप्प राहिले पाहिजे. वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘हो’, ‘बरं’, ‘मग?’ असे हुंकार आपसूक निघतात आणि ते प्रत्येक वाक्यावर चढून बसतात. मान हलवली तरी त्यांना कळते. त्यांचे बोलणे संपल्यासारखे वाटले तरी लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. मामा थांबले, पाण्याचा तांब्या उचलला, परत खाली ठेवला आणि मग निघताना गोठ्यात सोडून दिलेल्या गायीची हकिगत सांगू लागले, जी घरात यापूर्वी कुणीच ऐकलेली नव्हती.

परभणी, गृहिणी

मी उन्हाळी कामांचे व्हिडिओ करते आणि ते पुण्याला राहणाऱ्या माझ्या दोन्ही मुलींना पाठवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर सहज जातो. गच्चीवर कुरडया घालताना फोन उन्हात ठेवला की तो तापून चित्रीकरण आपोआप बंद पडते, आणि 4केवर, म्हणजे फुल एचडीहूनही बारीक चित्राच्या दर्जावर, ठेवला असेल तर फारच लवकर. ॲपल कंपनी तर आपला फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगते. म्हणजे आमच्या उन्हाळ्याचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. त्यामुळे मी फुल एचडीवरच चित्रीकरण करते, फोनचे जाड कव्हर काढते आणि मधल्या वेळात तो सावलीत ठेवते. फ्रीजमध्ये मात्र कुणी ठेवू नये, बाहेर काढल्यावर आत दव धरते.

तसेही कुरडया सकाळीच घालाव्या लागतात आणि तेव्हाचाच उजेड चांगला असतो. दुपारी बाराला डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि पांढरा चीक नुसता चकाकतो, त्याचा पोत दिसतच नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात सोऱ्यातून उतरणारी एक-एक तार मोजता येते. फोनच्या पडद्यावर चिकावर बोट दाबून धरले की उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग सुती लुगड्याचा पांढरा रंगही फटफटीत होत नाही.

माझी अडचण स्वयंपाकघरात आहे. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घेतलेल्या व्हिडिओत भिंतीवर आडवे काळसर पट्टे सरकत राहतात. याचे कारण कुणी सांगितले तर बरे होईल.

नांदेड, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक

परभणीच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर विजेच्या तारेत आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखरावर जातो, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वरून खाली टिपत जातो, त्यामुळे काही ओळी प्रखर क्षणी आणि काही मंद क्षणी टिपल्या जातात. तेच आडवे पट्टे होत.

प्रत्येक ओळ टिपण्याचा वेळ 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवला, तर त्या वेळात उजेडाची पूर्ण आवर्तने मावतात आणि पट्टे नाहीसे होतात. ज्या फोनमध्ये प्रो मोड आहे तिथे शटर, म्हणजे हाच टिपण्याचा वेळ, 1/50 वर आणि फ्रेमचा वेग सेकंदाला 25 वर ठेवावा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये फ्लिकर रोखण्याच्या पर्यायात 50 आणि 60 हर्ट्झ अशी निवड असते, तिथे 50 निवडावे. आयफोनमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट सुरू केल्यावर 25 फ्रेमचा पर्याय दिसू लागतो. फोनमध्ये यांपैकी काहीच नसेल तर खिडकीशी बसावे. त्यासारखा उपाय नाही.

मंदगती चित्रीकरण सेकंदाला 120 किंवा 240 फ्रेमचे असते, त्यात हाच दोष उजेड लुकलुकल्यासारखा दिसतो. नातवाच्या उड्या मंदगतीत घ्यायच्या असतील तर अंगणात, उन्हात घ्याव्यात.

वसमत, हळद उत्पादक

हळद शिजवण्याचे काम पहाटेपासून चालते आणि वाफेचे चित्रीकरण करायला त्यासारखी वेळ नाही. सूर्य वाफेच्या पलीकडे, आपण अलीकडे, आणि मागे बांधावरची काळपट झाडी असली की वाफ सोन्यासारखी उठून दिसते. सूर्य पाठीशी घेतला तर तीच वाफ नुसती धुरकट येते.

पुण्यातल्या पाव्हण्यांना हे काम समजावे म्हणून मी एकाच ठिकाणाहून लांबलचक चित्रीकरण करत नाही. आधी संपूर्ण आखाडा, म्हणजे शेतावरचे आवार, दिसेल असे लांबून, मग कढईपाशी उभी माणसे, मग शिजलेली कुडी बोटांनी दाबून पाहणारा हात, असे तीन अंतरांवरून घेतो आणि प्रत्येक वेळी चालत जवळ जातो. झूम वापरत नाही, कारण साध्या फोनचा झूम म्हणजे आहे तेच चित्र कापून मोठे करणे. आणि लेन्स पुसावी. हळदीच्या बोटाने फोन उचलला की लेन्सवर पिवळा तेलकट थर बसतो आणि सगळे धुक्यात घेतल्यासारखे दिसते. बनियनचा धुतलेला मऊ तुकडा मी खिशातच ठेवतो.

अंबाजोगाई, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मला नोंदवायच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्याही आहेत, हे कळल्यापासून घरातल्या ओव्या राहून जाऊ नयेत असे वाटत होते.

जात्याची अडचण अशी की त्याची घरघर हवेतून तर येतेच, शिवाय जमिनीतूनही येते. ट्रायपॉड फरशीवर असेल तर हादरा थेट फोनपर्यंत पोहोचतो. मी ट्रायपॉडच्या पायांखाली गोधडीची चौपदरी घडी ठेवली आणि माइक जात्यापासून दूर, आजीच्या पदराला खांद्याजवळ लावला. जाते रिकामे फिरले तर दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो, तोंडात ज्वारी पडत राहिली की तो बराच नरम होतो. म्हणून मूठ-मूठ ज्वारी टाकायला चुलत बहीण शेजारी बसवली.

शब्द स्वच्छ यावेत म्हणून आजीला जात्याशिवाय गायला सांगून पाहिले. दुसऱ्या ओळीवरच ती अडली. हात फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही, असे तिचे म्हणणे. शेवटी तिने नुसताच खुंटा धरल्यासारखा हात हवेत फिरवला आणि गायली, त्या वेळी मी फक्त आवाज नोंदवला. चित्र जात्याचे आणि शब्द त्या दुसऱ्या नोंदीवरून उतरवलेले, अशी आता आमच्याकडे दोन्ही आहेत. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ जमिनीलगत ठेवावा लागतो. उभ्याने घेतले तर फक्त डोक्यावरचा पदर येतो.

धाराशिव, बँक कर्मचारी

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आमच्याकडे आणि लातूरकडे शेतातच साजरी होते. कडब्याच्या कोपीत पूजा, बाहेर लख्ख ऊन, अशी ही उजेडाची कसोटी आहे. आतून बाहेर पाहत घेतले तर माणसांच्या काळ्या आकृत्या येतात. म्हणून मी कोपीच्या तोंडाशी बसतो, पाठ बाहेरच्या उजेडाकडे ठेवतो आणि पूजा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरतो. आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी निघते तेव्हा मागे पळत नाही. एका बांधावर उभा राहतो, दोन्ही कोपरे अंगाला टेकवतो आणि मंडळींना फ्रेममध्ये येऊ देतो, बाहेर जाऊ देतो. एक दृश्य निदान दहा सेकंद न हलवता धरायचे, हा एवढाच नियम मी पाळतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की आपलेच अंग आडोसा होते आणि माइकवरचा फडफडाट कमी होतो.

फोन आडवाच धरावा, असेही मला वाटते. शेत, पंगत, माणसांची रांग हे सगळे आडवे आहे.

छत्रपती संभाजीनगर, औषध विक्रेता

आडव्याचा एवढा आग्रह मला पटत नाही. लहान मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा ते उभेच असते, आणि ते पाहणारी आत्याही फोन उभाच धरणार असते. एकाच प्रसंगात मधूनच फोन फिरवू नये, इतके पुरे.

लग्नाबद्दल थोडे. स्टुडिओवाला स्टेजसमोर असतोच, त्याच्या आड आपण जाऊ नये. मंगलाष्टके सुरू झाली की मी स्टेजकडे पाठ करतो आणि समोरच्या खुर्च्यांवरच्या वडीलधाऱ्यांना टिपतो, अक्षता मुठीत धरून ओठ हलवणाऱ्या मावश्या स्टुडिओच्या अल्बममध्ये कधीच नसतात. बँडच्या अगदी समोर उभे राहू नये, तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही ॲपने जुळत नाही. पाव्हणे आले की वेरूळ-अजिंठा होतेच. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही, म्हणून फोनचा दिवाही बंद ठेवावा, आणि भिंत टिपण्यापेक्षा ती पाहणारी आपली माणसे टिपावीत. चित्रांची उत्तम छायाचित्रे पुस्तकांत मिळतात.

जालना, संगणक दुरुस्ती करणारे

वर सर्वांनी घेण्याबद्दल लिहिले आहे, माझ्याकडे लोक हरवल्यावर येतात, म्हणून ठेवण्याबद्दल लिहितो. आयफोनच्या नव्या पद्धतीत फुल एचडीचे 30 फ्रेमचे एक मिनिट सुमारे 60 एमबी जागा घेते आणि 4केचे सुमारे 170 एमबी. जागा भरली की लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मूळ व्हिडिओ पुसतात, इथेच घात होतो, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते. तिथूनच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. मूळ प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी असावी, आणि एकाच घरातली दोन पेनड्राइव्ह म्हणजे दोन ठिकाणे नव्हेत.

जुन्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी कपाटात असतील तर आधी फडताळातली ओल पाहावी. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालून पाहू नये, फीत तर जातेच, शिवाय प्लेअरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. चांगली कॅसेट संगणकावर उतरवायला तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो, यात घाई करता येत नाही, आणि चालू स्थितीतले व्हीसीआर आता दुर्मीळ होत चालले आहेत.

फाइलचे नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग असे द्यावे, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागते. कोण कोण दिसते हे त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावे, डावीकडून उजवीकडे, नात्यासकट. परवा एका कुटुंबाची कॅसेट उतरवून दिली, तेव्हा पंगतीत वाढणाऱ्या फेटेवाल्या गृहस्थांना घरातले कुणीच ओळखू शकले नाही. मुलीकडचे की मुलाकडचे, यावर माझ्या दुकानातच वाद सुरू झाला.