सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला समुद्रसंशोधनाशी काय कर्तव्य?

भूगोल_मोहोळ:
नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातील एका शाळेत भूगोल शिकवतो. हवामानबदलाचा पाठ शिकवताना समुद्राचा उल्लेख ओझरता येतो आणि किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर राहणाऱ्या मुलांना तो आपला विषयच वाटत नाही. वातावरण तापत असताना समुद्र नेमके काय करतो आणि त्याचा आपल्या जिल्ह्यातील पावसाशी थेट संबंध दाखवता येईल का? शिवाय, खोल समुद्र मोहिमेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये पाच वर्षांकरिता सुमारे ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. अशा संशोधनात अग्रक्रम कशाला असावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

वेधशाळा_निवृत्त:
सर, प्रश्न अगदी योग्य आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो आणि आपण दरवर्षी हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्साही समुद्रातच मुरतो. त्यामुळे हवा आज आहे त्याहून अधिक तापलेली नाही, हे खरे. परंतु तापलेले पाणी प्रसरण पावते, समुद्राची पातळी वाढते, आणि मुरलेल्या कार्बनमुळे पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (पीएच, जो कमी झाला की आम्लता वाढते) औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे. हा उतार किरकोळ समजू नये, कारण सामूच्या मापनपद्धतीत एवढ्या फरकाचा अर्थ आम्लतेत पंचवीस ते तीस टक्क्यांची वाढ असा होतो.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने वाढले. ही वाढ जगातील समुद्रांच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. समुद्र तापला की बाष्प वाढते आणि कमी दाबाच्या क्षेत्रांना बळ मिळते. मुलांना ऑक्टोबर २०२० चा नकाशा दाखवावा. बंगालच्या उपसागरात जन्मलेली प्रणाली १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण आणि उत्तर कर्नाटकावरून आपल्याकडे आली, १४ तारखेला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, भीमा व सीनेला पूर आला, आणि तीच प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरली. केवळ या एका घटनेचा दोष तापमानवाढीला देता येणार नाही. मात्र आपले आभाळ दोन समुद्रांच्या मध्ये आहे, एवढे त्यावरून मुलांना निश्चित उमगेल.

ज्वारीवाला_मंगळवेढा:
शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो. आमची रब्बी ज्वारी परतीच्या पावसावर येते. काळ्या रानात ओल खोलवर गेली की पेरणी करायची, आणि पुढे पाऊस न पडता त्याच ओलीवर कणीस भरते. म्हणून वर्षाची एकूण सरासरी किती भरणार, यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात कोणत्या आठवड्यात पाऊस येणार, हे आम्हाला जास्त मोलाचे आहे. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. प्रशांत महासागरात त्या वर्षी एल निनो होता, म्हणजे तेथील पृष्ठभागाचे पाणी नेहमीपेक्षा तापले होते; असे झाले की आपला पाऊस बहुधा ओढ देतो. असा खंड दोन-तीन आठवडे आधी खात्रीने कळला, तर बियाणे आणि खताचा पैसा वाचतो. सहा हजार मीटर खोल माणसे नेण्यासाठी या मोहिमेत बनवलेल्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचे छायाचित्र सर्वत्र छापून येते, त्याचा अभिमानही वाटतो. पण पावसाचा अंदाज सुधारणाऱ्या मोजमापांवर पुरेसा खर्च होतो का, हे कोणी सांगावे.

सागरविज्ञान_विद्यार्थिनी:
दादा, आपली अपेक्षा रास्त आहे, तरीही खोल समुद्राच्या अभ्यासाकडे केवळ प्रदर्शन म्हणून पाहू नये, अशी विनंती. समुद्र आज जेवढा कार्बन शोषतो तेवढाच पुढेही शोषेल, याची हमी नाही. पाणी जितके गरम, तितकी त्याची वायू विरघळवून घेण्याची क्षमता कमी. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असलेला जगातील मोठ्या पट्ट्यांपैकी एक पट्टा आहे. त्याचा विस्तार वाढतो आहे का, हा प्रश्न मासेमारीचा आहे आणि हवामानाचाही, कारण तेथे जीवाणूंच्या प्रक्रियेतून नायट्रस ऑक्साइड हा प्रभावी हरितगृह वायू तयार होतो.

वेधशाळा_निवृत्त:
ताईंचे म्हणणे मान्य आहे. तरीही क्रम लावायचाच झाला, तर मी पहिला क्रमांक समुद्राच्या अंतर्भागातील अखंड मोजमापांना देईन. अर्गो नावाचे स्वयंचलित प्लवक (पाण्यात तरंगत मोजमाप करणारी यंत्रे) हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतात, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतात, वर येताना तापमान व क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहामार्फत नोंदी पाठवतात. जगभर असे सुमारे चार हजार प्लवक आहेत. भारताचे काम हैदराबादची इन्कॉइस ही समुद्रविषयक माहिती देणारी राष्ट्रीय संस्था पाहते. उपग्रहाला पृष्ठभागाचेच तापमान दिसते, तर वादळाला किंवा मॉन्सूनला किती उष्णता पुरणार, हे खालच्या थरावर ठरते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी वर पातळ थर धरून राहते, त्यामुळे वरचे पाणी खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही आणि तापलेले राहते. हा थर हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत नीट उतरला नाही, तर अंदाज चुकतो.

समुद्रात एका जागी नांगरून ठेवलेल्या मोजमापाच्या बोयांची मासेमारीत मोडतोड होते, प्लवकांची बॅटरी काही वर्षांत संपते, आणि नवे सोडले नाहीत तर नोंदींत पडलेला खंड नंतर कोणत्याही निधीने भरून निघत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरात ढगांत बीजारोपण करून पाऊस वाढतो का याचे प्रयोग केले, तेही माझ्या मते समुद्रापासून ढगापर्यंतच्या याच मोजमापांच्या साखळीचे टोक आहे.

भूगोल_मोहोळ:
सर्वांचे आभार. या प्लवकांच्या नोंदी शाळेला मिळू शकतात का?

सागरविज्ञान_विद्यार्थिनी:
हो सर, त्या सर्वांसाठी विनामूल्य खुल्या आहेत. फक्त रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत प्लवक शोधू नका. तेथे पाणी उथळ असल्याने हे प्लवक प्रामुख्याने खोल अरबी समुद्रातच आढळतील. एकाच प्लवकाच्या एप्रिल आणि ऑगस्टमधील नोंदी शेजारी ठेवल्या, तर मॉन्सूनचे वारे वरचा थर कसा ढवळतात, हे मुलांना स्वतः आलेख काढून पाहता येईल.