मदत हवी आहे : पेशंटची गोपनीयता फोडल्याची तक्रार केली, आता मलाच त्रास

नमस्कार. मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात एका एचआयव्ही पेशंटच्या केसपेपरवर लाल स्केचपेनने मोठ्ठ्या अक्षरांत 'पॉझिटिव्ह' लिहून तो बेडला अडकवला होता. शेजारच्या बेडचे नातेवाईक वाचत होते आणि त्या बाईंनी तोंडावर पदर ओढून घेतला. ते डोळ्यांसमोरून जात नाही. वर रिपोर्टचा फोटो वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर!

मी मेट्रनना लेखी कळवलं. तेव्हापासून माझ्या वाट्याला सलग नाइट येतात आणि 'नोकरी नकोय का?' असं ऐकवतात.

2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात संमतीशिवाय माहिती उघड करायला बंदी आहे, पण एक लाखापर्यंतचा दंड कोर्टाच्या कामकाजात कळलेली माहिती फोडल्याबद्दल आहे. या कायद्याखाली तक्रार करणाऱ्याला त्रास द्यायलाही मनाई आहे. पण माझी तक्रार हॉस्पिटलमध्येच केलेली, ती यात धरतील का? की राज्याच्या ओम्बड्समनकडेच (या कायद्याखालच्या तक्रारींची चौकशी करणारा अधिकारी) जावं लागेल? पुरावा म्हणून त्या फोटोचा स्क्रीनशॉट ठेवला तर मीच गोपनीयता मोडली असं होईल का? ही भीती सगळ्यात जास्त आहे.

कुणी वकील किंवा नर्सिंग युनियनमधलं असेल तर कृपया सांगा. त्या बाईंचं नाव आणखी कुठे जाता कामा नये.