ज्येष्ठमध आणि बीपी : मदत हवी आहे, जरा लवकर

टिटवी
पीसीओएस आहे (अंडाशयाचा तो हार्मोनचा बिघाड), टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. ज्येष्ठमधाने ते उतरतं असं जिथेतिथे वाचलं म्हणून घेतेय. आता पाय सुजतात आणि बीपी १५२/९६. एरवी माझं कमीच असतं. ज्येष्ठमधामुळे होतं का असं? हो की नाही एवढंच सांगा. वजन कमी करा, चालायला जा, हे नको. माहीत आहे.

शंकेखोर
पावडर की कॅप्सूल? किती? कधीपासून? सोबत आणखी काय?

रानभूल
मी दोन वर्षं घेतेय, काही झालं नाही. नैसर्गिक आहे हो. आधी बीपीचं मशीन तपासा.

शंकेखोर
नैसर्गिक तर धोतराही आहे.

रानभूल
तुम्हाला प्रत्येक धाग्यावर हेच बोलायचं असतं.

निळू
हो, होतं. त्यातलं ग्लिसिरायझिन आतड्यात बदलून ग्लिसिरेटिनिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून त्याला तिथे निकामी करायचं, हे त्या एन्झाइमचं काम. ते अडलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनची, म्हणजे अंगात मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनची, नक्कल करतं. मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. तपासलं तर खरं अल्डोस्टेरॉन कमीच येतं, त्यामुळे ज्येष्ठमधाचं सांगितलं नाही तर डॉक्टरही चक्रावतात.

भिडू
पुरुषांनी घ्यावं का? इटलीत १९९९ साली ७ पुरुषांना रोज ७ ग्रॅम दिलं, टेस्टोस्टेरॉन घसरलं म्हणे. मला घसा धरला की चघळायची सवय आहे.

निळू
७ पुरुष! नंतर दुसऱ्यांनी करून पाहिलं तर तेवढी घट दिसली नाही. २००४ चा बायकांवरचा अभ्यास ९ जणींचा, त्याही निरोगी. पीसीओएसवाल्यांनी त्यावर फार विसंबू नये. घशासाठी कधीमधी चघळण्याची गोष्ट वेगळी.

टिटवी
पावडर. सकाळ-संध्याकाळ चमचाभर. औषध कुठलंच नाही.

शंकेखोर
चमचा केवढा? युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही मर्यादा सांगतात. पावडरीत ते किती हे डब्यावर सहसा नसतं.

रानभूल
मग डीजीएल घ्या, बीपी वाढत नाही.

निळू
त्यातून ग्लिसिरायझिनच काढलेलं असतं. पोटासाठी घेतात ते. हार्मोनसाठी घेऊन काय करणार?

टिटवी
सूज उतरायला पाण्याची गोळी घेते घरातली. ती औषधात धरायची का?

निळू
अहो, तीच तर आधी सांगायची! पाण्याच्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात. दोन्हीकडून गळती. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पायात गोळे, अशक्तपणा, छातीत धडधड आहे का? असो वा नसो, ज्येष्ठमध बंद आणि आजच डॉक्टर. पोटॅशियम आणि ईसीजी. पावडर आणि गोळी दोन्ही बरोबर न्या. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला आठवडे लागू शकतात.

भिडू
म्हणजे मी चघळू ना?

टिटवी
पोटॅशियम २.९, बरंच कमी. आज रात्री इथेच ठेवणार म्हणतात. पण टेस्टोस्टेरॉनचं काय? ते राहिलंच की.

रानभूल
पुदिन्याचा चहा घेऊन बघा, मला तर...

शंकेखोर
नवा धागा काढा. आणि या वेळी आधी यादी द्या, काय काय घेता त्याची.